मोजपट्टी सहा फुटांवर

माणसाने सभेत कधीही उभं राहून बोलू नये. बसल्या जागी केलेल्या गर्जना हवेत विरून जातात. पण उभं राहून म्हटलेलं वाक्य सेक्रेटरी लिहून घेतो. तडेसाहेबांचं वाक्य इमारतीच्या इतिवृत्तात आजही आहे: "नवीन वर्षाच्या कॅलेंडरसाठी हिवाळी रस्त्यांवरील बारा छायाचित्रे तळमजल्यावरील सदस्य स्वतः प्रवास करून, स्वतः काढून, वीस तारखेच्या आत देतील." यात 'स्वतः' दोनदा आलंय. सेक्रेटरींनी एकदाच लिहिलं होतं. दुसरं तडेसाहेबांनी आग्रहाने घालायला लावलं.

तडेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं आणि पगारपत्रक कोण वाचतो? एकतीस वर्षं ते पूल तपासणी विभागात होते. पुलाखाली उतरायचं, तडे शोधायचे, मोजायचे, फोटो काढायचा आणि शेरा मारायचा, एवढंच काम. पण त्यांचा शेरा आल्याशिवाय भरलेला ट्रक पुलावर चढत नसे. अशा माणसाला एका सोमवारी हार घालून घरी पाठवलं, आणि मंगळवारपासून जगातले सगळे ट्रक त्यांना न विचारता सगळे पूल ओलांडायला लागले.

सहा महिने त्यांनी कळ काढली. मग एक दिवस वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला (सगळी इमारत त्यांना वहिनीच म्हणते, आपणही म्हणू), जिन्याच्या भिंतीवर पेन्सिलीच्या बारीक खुणा दिसल्या. प्रत्येक भेगेच्या टोकाला आडवी रेघ आणि शेजारी तारीख.

"अहो, हे काय?"

"वाढतेय का बघतोय."

"भेग?"

"हं. गेल्या गुरुवारपासून नाही वाढली." हे त्यांनी फार खिन्नपणे सांगितलं. नवरा घरात बसला की बायकोच्या डोक्याला ताप होतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण नवरा जिन्यात उभा राहून भेग वाढायची वाट बघायला लागला की तापाच्या पुढचं काहीतरी असतं.

म्हणून ज्या दिवशी सभेत साहेबांनी ते वाक्य म्हटलं आणि टाळ्या पडल्या (चौघांनी वाजवल्या, त्यांतल्या एकाने डास मारला), त्या दिवशी साहेब पोटभर जेवले. पुन्हा वाढा म्हणाले. वहिनींनी वाढता वाढता ठरवून टाकलं, की हे कॅलेंडर झालंच पाहिजे. नाहीतर माणूस परत पेन्सिल घेऊन जिन्यात.

अडचण एकच होती. गेली दोन वर्षं कॅलेंडर दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे होतं, आणि डॉक्टर आपल्या व्यवसायाशी एकनिष्ठ होते. जानेवारीत निरोगी हिरड्या. एप्रिलमध्ये कीड, सुरुवातीची. ऑगस्टमध्ये आडवी वाढलेली अक्कलदाढ, जवळून. चोवीस बिऱ्हाडं चोवीस स्वयंपाकघरांत महिनाभर त्या दाढेकडे बघत चहा प्यायली होती. तडेसाहेबांना वीस तारखेपर्यंत जमलं नाही, तर डॉक्टरांचा संच तयार होता. या वर्षी त्यांनी 'उपचारानंतर' हा विषय घेतला होता.

कॅमेरा साहेबांकडे होता. निरोपसमारंभात ऑफिसनेच दिलेला, चांगला वजनदार, फिल्मचा. तो त्याच वर्षी निकामी ठरवून यादीतून काढला होता आणि काढण्याच्या कागदावर सही साहेबांचीच होती. तेव्हा फोटो कागदावर यायचे आणि यायला दोन दिवस लागायचे. त्या दोन दिवसांत माणूस स्वतःला कलावंत समजू शकायचा. ही सोय आता गेली.

हिवाळ्यात फोटो काढायला निघालेल्या माणसाला सल्ला देणार नाही असा शेजारी अजून जन्मायचाय. पहिल्या मजल्यावरचे हवामान खात्यातले गृहस्थ कठड्यावरून वाकून म्हणाले, "निर्धास्त जा. पुढचे चार दिवस आकाश निरभ्र. मी स्वतः काढलाय अंदाज." साहेबांनी त्याच संध्याकाळी धुक्यासाठीचे पिवळे दिवे मेहुण्याच्या गाडीला बसवून घेतले. सरकारी खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसऱ्या खात्याचा अंदाज कसा वाचायचा ते कळतं.

डॉक्टरही भेटले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ताण घेऊ नका. नाही जमलं तर माझे दात आहेतच."

"आमचे आम्हाला आहेत," साहेब म्हणाले आणि जिना उतरून गेले. खाली आपल्या दारात पोहोचल्यावर मात्र त्यांनी दाढ चाचपून पाहिली.

गाडी आणि ड्रायव्हर दोन्ही वहिनींच्या धाकट्या भावाचे. घरात त्याला छोटू म्हणतात. वय बावन्न, वजन नव्वद किलो. छोटूच्या गाडीचा हीटर एक तर चालू होत नसे किंवा बंद होत नसे. त्या प्रवासात तो पहिल्या घाटापर्यंत पहिला होता आणि त्यानंतर दुसरा. मागची उजवी काच वर जात नव्हती. त्यामुळे पुढे बसलेल्या दाजींना घामाच्या धारा आणि मागे बसलेल्या ताईच्या नाकाचा शेंडा लाल, असं एकाच गाडीत दोन हवामानांचं राज्य होतं.

आता साहेबांची फोटो काढायची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

तपासणी विभागात नुसत्या भेगेच्या फोटोला किंमत नसते. भेग बोटभर आहे की हातभर, हे नुसतं बघून कसं कळणार? म्हणून शेजारी मोजपट्टी उभी करायची. डाव्या बाजूला, कॅमेऱ्यापासून बरोबर सहा फुटांवर. मोजपट्टी नसलेला फोटो साहेब फाइलला लावतच नसत. एकतीस वर्षांत ही सवय हाडात मुरली होती. घरच्या फोटोंतही काहीतरी मापाचं उभं असल्याशिवाय त्यांना चैन पडेना, आणि घरात मापाचं, सरळ उभं राहणारं, न कुरकुरता येणारं असं एकच होतं.

"तू डावीकडे उभी राहा. प्रमाणासाठी."

वहिनींची उंची पाच फूट एक इंच. बुटांसकट पाच फूट दोन. नोकरी लागली त्याच वर्षी लग्न झालं, आणि तेव्हाच्या पहिल्या सहलीपासून त्या देवळं, धरणं, दीपस्तंभ आणि एकदा हत्ती यांच्या डाव्या बाजूला, कॅमेऱ्यापासून सहा फुटांवर उभ्या राहत आल्या होत्या. हत्तीच्या वेळी तर हत्ती साठ फुटांवर होता. पण नियम म्हणजे नियम. डोंगर तीन मैलांवर असला तरी मोजपट्टी सहा फुटांवरच.

पहिल्या सकाळी वाटेत एका टपरीपाशी थांबले. ट्रकवाले पत्र्याच्या डब्यात लाकडं पेटवून भोवती उभे होते. सगळ्यांचे हात पुढे, सगळ्यांच्या तोंडातून वाफ. साहेबांना ते दृश्य फार आवडलं. त्यांनी खिशातून टेप काढली, सहा फूट मोजले, बुटाच्या टाचेने मातीत रेघ मारली.

"इथे."

वहिनी रेघेवर उभ्या राहिल्या. मागे शेकोटी, इकडे थंडी. त्यांनी चहाचा ग्लास गालाला लावला.

"ग्लास खाली घे. माप चुकतं."

"गाल गारठलाय माझा. ग्लासाने काय उंची वाढते?"

"तसं नाही, पण…"

"मग काढा."

एक ट्रकवाला हे सगळं बघत होता. तो छोटूला हळूच म्हणाला, "साहेब जमिनी मोजतात का?"

"नाही, पूल."

"मग बाईंना का मोजतायत?"

छोटू इतक्या जोराने हसला की त्याच्या चहाची शेकोटीत आहुती पडली. वहिनींनी भावाला झापायला तोंड उघडलं आणि नेमकी तेव्हाच कॅमेऱ्याची कळ वाजली. छत्तीसांतला पहिला.

साहेबांच्या मनात कॅलेंडरचा जानेवारी मात्र आधीच ठरला होता. अकरा कमानींचा दगडी पूल. त्याच्या पोटाखाली साहेबांनी जेवढे तास काढले होते तेवढे स्वतःच्या दिवाणखान्यातही काढले नव्हते. दहाच्या सुमाराला ते तिथे पोहोचले. नदीवर पातळ धुकं, कमानींतून तिरकं ऊन, आणि पुलाच्या तोंडाशी एक चौकी. चौकीवर पाटी: 'छायाचित्रणास सक्त मनाई'.

चौकीत एक कनिष्ठ अभियंता होती. पंचविशीची असेल. दोन स्वेटर, टेबलावर दौत नाही की धूळ नाही.

"आम्हाला पुलाचा एक फोटो काढायचाय," साहेब म्हणाले.

"परवानगी?"

"एकच काढायचाय हो."

"एक असो नाहीतर शंभर, काका. परिपत्रक आहे." तिने कपाटातून प्लॅस्टिकच्या वेष्टनातला कागद काढला. "अर्ज तीन प्रतींत. अर्जासोबत, ज्या पुलाचे छायाचित्र काढावयाचे आहे त्या पुलाचे अलीकडील छायाचित्र जोडावे."

पहिल्या दोन शब्दांतच साहेबांना शैली ओळखीची वाटली होती. ते खिडकीबाहेर बघायला लागले.

छोटूने डोकं खाजवलं. "म्हणजे फोटो काढायला परवानगी पाहिजे, आणि परवानगीला फोटो पाहिजे?"

"हो."

"मग आजवर मिळाली कुणाला?"

"सात वर्षांत एकालाही नाही. म्हणून तर हे परिपत्रक आमच्याकडे फार परिणामकारक मानतात."

"कुणी लिहिलंय हो हे? एकदा भेटला पाहिजे बुवा."

"भेटलाय की," वहिनी म्हणाल्या. "तो बघ, कानटोपी घालून उभा आहे."

मुलगी इतक्या झटक्यात उठली की खुर्ची मागे पडली. "सर? तुम्ही? आम्हाला प्रशिक्षणात तुमचं परिपत्रक होतं, सर!"

साहेब वळले. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांना कुणी 'सर' म्हटलं होतं. "असं? कशाचं उदाहरण म्हणून?"

मुलीने क्षणभर विचार केला. "होतं, सर," ती म्हणाली.

तिने चहा मागवला. साहेबांना आपली खुर्ची दिली. पाहणीच्या वहीत त्यांचा अभिप्राय घेतला. परवानगी मात्र दिली नाही. "तुम्हालाच सूट दिली, सर, तर तुमच्याच परिपत्रकाला काय अर्थ राहिला?"

 साहेबांना त्या मुलीचा अभिमान वाटला, आणि आपल्या हाताने खणलेल्या खड्ड्यात आपणच नीट बसलोय असंही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं की माणूस नुसता खोकतो. ते खोकले.

बाहेर आल्यावर वहिनींना हसू आवरेना. चौकीच्या दाराची चौकट धरून त्या हसत होत्या. साहेबांनी नियम आठवून पाहिला. पुलाला मनाई होती, चौकीला नव्हती. त्यांनी चौकीचाच फोटो घेतला, वहिनी डावीकडे.

"हसू नकोस गं. पट्टी हलते."

हे ऐकून पट्टी पायरीवरच बसली.

दुसरा दिवसही याच थाटात गेला. धुक्यातल्या रस्त्यावर दोनशे मेंढ्या समोर आल्या, आणि त्यांतल्या एकीने वहिनींच्या शालीचं टोक तोंडात धरलं. शाल एका बाजूने मेंढी आणि दुसऱ्या बाजूने वहिनी ओढत असताना साहेब ओरडत होते, "सरळ उभी राहा! मेंढ्या सुंदर येतायत!" एका गावाच्या वेशीवर ऊन खात बसलेल्या म्हाताऱ्यांची अख्खी रांग मिळाली, पण टेपने अंतर मोजताना बघून म्हाताऱ्यांना वाटलं की रस्ता रुंद होणार. चौघांनी अर्ज लिहून साहेबांच्या हातात दिले. साहेबांनी ते घेतले. एवढंच नाही, तर पोच दिली. गाडीत बसल्यावर छोटू म्हणाला, "दाजी, तुम्ही रिटायर झालात ना?"

"कागद पुढ्यात आला की घ्यावा लागतो," साहेब म्हणाले.

तिसऱ्या दिवशी तलाव. काठावर फलक होता: 'येथून सात डोंगर दिसतात.' समोर एकही दिसत नव्हता. तलावही दिसत नव्हता. फलक दिसत होता तेच खूप. हवामान खात्याचं निरभ्र आकाश चारी बाजूंनी जमिनीला टेकलं होतं.

साहेबांनी रेघ मारली. वहिनी म्हणाल्या, "मी नाही उभी राहणार."

"म्हणजे?"

"म्हणजे पाय दुखतायत. तीन दिवस उभी आहे. छोटूला उभं करा."

छोटू उभा राहिला. साहेबांनी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि मान हलवली. जेवढा तलाव असण्याची शक्यता होती, तेवढी सगळी छोटूने व्यापली होती. "याचं माप घेऊन सात डोंगर येणार नाहीत. तीन याच्याच मागे जातील."

अडीच तास ते धुकं उठायची वाट बघत बसले. साहेब मधेमधे रेघ पुसट झाली म्हणून पुन्हा मारत.  सतरा तारीख होती. वहिनींनी गाडीतून त्यांची पाठ पाहिली. जिन्यात उभं राहिल्यावर दिसायची तशीच. त्या उतरल्या आणि गुपचूप रेघेवर जाऊन उभ्या राहिल्या.

आणि धुकं उठलं. कुणीतरी पडदा ओढावा तसं, पुरतं एक मिनिट. एक, दोन, तीन… साहेबांनी बोटांवर मोजले, सातच्या सात! ऊन पडलेले, पाण्यात उलटे उतरलेले. त्यांनी भराभर नऊ फोटो काढले आणि रोल संपला. मग धुक्याने परत दार लावलं.

"मिळाले!" साहेब लहान मुलासारखे ओरडले. परतीच्या वाटेवर गाडीत ते चक्क गुणगुणत होते. हीटरचा त्रासही त्यांना झाला नाही.

एकोणीस तारखेला संध्याकाळी स्टुडिओवाल्याने पाकीट काउंटरवर ठेवलं. तो जुना, अबोल माणूस. लोकांचे फोटो बघून बघून त्याचा माणसांविषयीचा उत्साह संपलेला होता. पण आज तो साहेबांकडे निरखून बघत होता.

साहेबांनी पहिला फोटो काढला. वहिनी. गालाला ग्लास लावलेल्या, तोंड उघडं, भावाला रागवायच्या बेतात. नाकाचा लाल शेंडा, भुवईतला एक पांढरा केस, सगळं लख्ख. आणि मागे शेकोटीच्या जागी एक नारिंगी डाग.

दुसरा. वहिनी. तिसरा. वहिनी आणि पांढरे गोळे, ज्यांना एके काळी मेंढ्या म्हणत. शेवटचे नऊ. वहिनी, वहिनी, वहिनी… मागे निळसर, करडं काहीतरी. सात डोंगर असतील, सात पोती असतील.

"बिघडलाय," साहेब कसेबसे म्हणाले. "कॅमेरा बिघडलाय."

"कॅमेरा ठणठणीत आहे. तुम्ही प्रत्येक वेळी फोकस बाईंवर केलाय." स्टुडिओवाल्याने चष्मा पुसला. "बरोबर सहा फुटांवर. छत्तीसच्या छत्तीस. असा हात मी आजवर पाहिला नाही."

साहेबांना सगळा उलगडा झाला. मोजपट्टीवरचे आकडे वाचता आले पाहिजेत, हा नियम. भेग जराशी पुसट आली तरी चालेल, आकडे लख्ख पाहिजेत. एकतीस वर्षं हात आपोआप आधी तिथे जायचा. आताही गेला होता. डोंगराकडे बघत असताना हात आपला मोजपट्टीकडे.

घरी येऊन त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि बूट न काढताच बसले. "नाही आले गं. एकही नाही. डोंगर नाहीत, मेंढ्या नाहीत, काही नाही. उद्या सभेत तोंड दाखवायला जागा नाही."

वहिनींनी पाकीट उघडलं. एकेक फोटो घेऊन त्या दिव्याखाली धरत होत्या.  चौकीच्या दारातला फोटो त्यांनी जरा जास्तच वेळ धरला. त्यात हसण्याने त्यांचे डोळे मिटले होते.

"मी अशी दिसते?"

साहेबांनी मान वर केली. "म्हणजे… तशीच दिसतेस. फोकस बरोबर आहे."

"बहुतेक सगळ्यांत तुमच्याकडेच बघतेय."

"मी समोर होतो ना. बाकी सगळं तुझ्या मागे होतं."

वहिनी पुढचा फोटो बघायला लागल्या. साहेब मात्र आपलंच वाक्य ऐकून थबकले. शेकोटी, मेंढ्या, डोंगर. सगळं तिच्या मागे. तीन दिवस फिरून आली ती, आणि तिने पाहिलं काय? कानटोपी घातलेला, एक डोळा मिटलेला एक इसम. आणि एकतीस वर्षांच्या सगळ्या सहली? तो हत्ती तरी तिने पाहिला होता का? विचारायचं धैर्य त्यांना झालं नाही.

तेवढ्यात सेक्रेटरी आले, साखर मागायच्या निमित्ताने. खरं तर कुतूहल. टेबलावर पसरलेले फोटो त्यांनी पाहिले आणि साखर विसरले. "अरे वा! साहेब! हे तर… अहो, हे बारा घ्या, कॅलेंडर तयार! लोक वेडे होतील. वहिनी, काय आल्यात हो तुम्ही! मी छापखान्याला सांगतोच!"

साहेबांच्या चेहऱ्यावर जो उजेड पसरला, तो वहिनींनी पाहिला. सेक्रेटरी गेल्यावर त्या म्हणाल्या, "हे बघा. तुमचं मन मोडायचं नाही मला. पण चोवीस घरांत ओट्यावर मी लटकणार? कुणाचं दूध उतू जाणार माझ्यासमोर, कुणी माझ्या कपाळावर गॅसचा नंबर लिहिणार…"

"नको वाटतं?"

"नको वाटतं. पण तुम्ही म्हणाल तसं."

साहेब रात्री नीट झोपले आणि सकाळी दाढी करून सभेला गेले. सगळी बिऱ्हाडं जमली होती. सेक्रेटरींनी कानोकानी बातमी फिरवली होती, त्यामुळे टाळ्या वाजवायला लोक तयार बसले होते, डास नसतानाही. दातांचे डॉक्टरसुद्धा दिलदारपणे मागच्या रांगेत बसले होते.

"साहेब, फोटो?" अध्यक्षांनी विचारलं.

साहेब उभे राहिले. "फोटो आले नाहीत."

"आले नाहीत? मी पाहिले की काल!" सेक्रेटरी म्हणाले.

"तुम्ही पाहिलेत ते देण्यातले नाहीत. सभेला देण्यासारखं माझ्याकडे एकही छायाचित्र नाही. मी शब्द दिला होता, तो पाळता आला नाही. इतिवृत्तात तसं लिहून घ्या." आणि सेक्रेटरी लिहीत असताना त्यांनी वाकून पाहिलं. "'स्वतः' राहिलं. 'स्वतः पाळता आला नाही' असं लिहा."

पुढे जे व्हायचं ते झालं. कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "बोलायला काय जातं." हवामानवाल्यांनी आपला अंदाज कसा बरोबर होता ते समजावलं. डॉक्टर उठून आले, त्यांचा हात हातात घेतला आणि मनापासून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. माझंही पहिलं वर्ष असंच गेलं. दात हलले होते." जानेवारीला 'पूर्ण कवळी, समोरून' एकमताने मंजूर झाली. साहेबांनीही हात वर केला.

जिना उतरताना भिंतीवरच्या त्यांच्याच खुणा त्यांना दिसल्या. ते थांबले नाहीत.

घरात शिरले तर टेबलावरचं सगळं सामान खाली आणि वहिनींनी फोटो ओळीने मांडलेले. काही एका बाजूला काढलेले होते. "हे बाद. यात शाल मेंढीच्या तोंडात आहे."

"काय चाललंय?"

"आपल्या स्वयंपाकघरापुरतं करतेय. दातांचं बाहेर लावू, पाव्हण्यांना. काय झालं सभेत?"

साहेबांनी सांगितलं. सगळं सांगितलं, 'बोलायला काय जातं'सकट. वहिनी ऐकत होत्या. मग त्यांनी टेबलावरच्या ओळीकडे बोट दाखवलं.

"अकराच झालेत. मार्च नाहीये."

"छत्तीसांतून अकरा? अगं, तलावाचे नऊ आहेत की…"

"मार्च मी काढणार आहे. छोटूला फोन केलाय, येत्या रविवारी येतोय गाडी घेऊन. तुम्ही उभं राहायचं, तलावाच्या काठावर."

"मी?" साहेबांना काही सुधरेना. "कशाच्या प्रमाणासाठी?"

"कशाच्या नाही. नुसते उभे राहा. तुमच्या मागे सात डोंगर असतात म्हणे. मला बघायचेत."

नुसतं उभं राहायला साहेबांना आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तिथेच, स्वयंपाकघराच्या मधोमध, एकदा उभं राहून पाहिलं. छाती पुढे काढली, मग मागे घेतली. जमेना.

"हात कुठे ठेवायचे गं?"

वहिनींनी फोटोंवरून नजरही काढली नाही.

"एकतीस वर्षांत मी विचारलं का कधी?"